‘तुम्ही सांगा, मी लिहिते’ : शोकातल्या अनोळखी सोबतीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांच्या लेखकांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरीही ती चारही पत्रे एकाच अनुभवाभोवती फिरणारी आहेत. आपले माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत कोणा अनोळखी व्यक्तीने दाखवलेला जिव्हाळा मनात घर करून राहतो, आणि त्याचे पुढे काय करावे हे कळत नाही. या वेळचे सदर त्या चार पत्रांसाठीच राखून ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील त्यांच्याच इच्छेनुसार गाळले आहेत.

प्रश्न : माझी आई चार महिन्यांपूर्वी रुग्णालयात गेली. रात्रीचे पावणेतीन वाजले होते. भाऊ परगावाहून निघाला होता, वडिलांना अजून कळवायचे होते, आणि तेवढ्यात एक फॉर्म माझ्या हातात देऊन तो भरून आणायला सांगण्यात आले. बाहेरच्या बाकावर बसून मी तो फॉर्म कितीतरी वेळ नुसता पाहत होते. अक्षरे दिसत होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांचेही कोणीतरी आत असावे. त्यांनी माझ्या हातातले पेन हळूच काढून घेतले आणि ‘तुम्ही सांगा, मी लिहिते’ असे म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, ‘आईचे नाव काय आहे?’ त्या ‘काय होते’ असे म्हणाल्या नाहीत. मी नाव सांगितले आणि तेव्हा पहिल्यांदा रडले. ‘नाते’ या रकान्यात त्यांनी मला न विचारताच ‘मुलगी’ असे लिहिले. पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडून बाटली माझ्या हातात दिली. भाऊ आल्याचे पाहून त्या उठून गेल्या, आणि त्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले. त्यानंतर घरी कितीतरी माणसे येऊन गेली, सर्वांनी मायेने विचारपूस केली; पण त्या बाईंच्या शेजारी जसे मोकळे वाटले तसे पुन्हा वाटले नाही. घरच्यांसमोर माझ्या डोळ्यांत पाणीच येत नाही. आपल्या माणसांपेक्षा परकी व्यक्ती जवळची वाटावी, यात माझे काही चुकते आहे का? त्या बाईंना शोधून काढावे असे सारखे वाटते. तसे करणे योग्य होईल का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा त्या ‘आहे’पाशी थांबले. तुमचे काहीही चुकलेले नाही, हे आधीच सांगते.

त्या रात्री तुमच्यावर काय काय येऊन पडले होते ते आठवून पाहा. वडिलांना सांगायचे होते, वाटेत असलेल्या भावाला सांभाळायचे होते, आणि या सगळ्यात तुमची आई गेली होती. घरातले माणूस जाते तेव्हा घरातल्या प्रत्येकाचेच काहीतरी जाते, त्यामुळे तुम्ही ज्याच्या खांद्यावर डोके ठेवाल त्याचाच खांदा आधी खचलेला असतो. वडिलांकडे पाहिले की ‘मी रडले तर यांचे काय होईल’ हा विचार आधी येतो आणि डोळ्यांतले पाणी आतच राहते. हा तुमचा कोरडेपणा नसून तुम्ही त्यांची घेत असलेली काळजी आहे. त्या बाईंपुढे मात्र तुम्हाला कोणालाही सावरायचे नव्हते. त्यांनी तुमच्या आईला कधी पाहिले नव्हते, म्हणून त्यांना तुमच्याकडून सांत्वन नको होते. दुसऱ्या दिवशी त्या भेटणार नव्हत्या, म्हणून आज त्यांच्यापुढे कसे दिसलो याची चिंताही नव्हती. त्या अर्ध्या तासात तुम्हाला कोणाची थोरली बहीण किंवा कर्तीसवरती लेक म्हणून वागावे लागले नाही. ज्यांची आई नुकतीच गेली आहे अशा एक व्यक्ती, एवढ्याच तुम्ही तिथे होता.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसाविषयी लिहिताना नेमके हेच नोंदवले होते, की जवळच्या माणसांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक परक्यापुढे आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने बोलून जातात. परका आपल्या नात्यागोत्यांच्या गुंत्यात अडकलेला नसतो, आणि त्याचा हाच अलिप्तपणा आपल्याला मोकळे करतो.

तरीही, परक्याचा आधार आपल्या माणसांच्या आधारापेक्षा मोठा असतो असा निष्कर्ष तुम्ही काढू नये असे मला मनापासून वाटते. २००६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांना विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता आहे अशी सूचना दिली जाई आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले जाई. कधी त्या एकट्या असत, कधी पतीचा हात हातात असे, तर कधी अनोळखी पुरुषाचा. पतीचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ सर्वांत जास्त शमली, आणि ज्यांचे सहजीवन अधिक समाधानाचे होते त्यांच्या बाबतीत तर ती आणखीच शमली. मला त्यातली दुसरी गोष्टही तितकीच मोलाची वाटते : अनोळखी हातानेही काही प्रमाणात फरक पडला होता. हा अभ्यास भीतीचा आहे, शोकाचा नाही, त्यामुळे तो फार ताणू नये. पण ज्या हाताची आपल्याला काहीच ओळख नाही तो हातही शरीराला ‘तू एकटी नाहीस’ असे सांगू शकतो, एवढे त्यावरून म्हणता येते.

त्या बाईंनी केलेले कामही नीट पाहण्यासारखे आहे. अक्षरे दिसत होती पण अर्थ लागत नव्हता, असे तुम्ही लिहिले आहे. तीव्र शोकाच्या पहिल्या तासांत आणि दिवसांत असे पुष्कळांचे होते. लक्ष टिकत नाही, साधे निर्णय घेता येत नाहीत, हातात घेतलेली वस्तू कशासाठी घेतली ते आठवत नाही. अशा वेळी ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य कितीही मनापासून उच्चारलेले असले तरी ते शोकात बुडालेल्या माणसावर आणखी एक काम टाकते, कारण काय लागणार आहे हे त्याने ठरवायचे असते आणि ते मागायचेही असते. त्या बाईंनी तुम्हाला काहीच ठरवायला लावले नाही. तुम्हाला त्या क्षणी न जमणारी एकच गोष्ट त्यांनी हेरली आणि ती स्वतःकडे घेतली. आईचे नाव मात्र तुमच्याच तोंडून येऊ दिले. झाकण उघडून बाटली देणे हेही त्याच जातीचे. इतकी बारीक नजर कोणाला कशी लाभते हे मला ठाऊक नाही, पण मला वाटते की स्वतः अशा बाकावर बसून काढलेल्या रात्रींतून ती येत असावी.

आता घरच्यांविषयी. त्या बाईंच्या वाट्याला अर्धा तास आला होता. तुमच्या भावाच्या आणि वडिलांच्या वाट्याला पुढची सगळी वर्षे आहेत, त्यांतले कंटाळवाणे दिवस, चिडचिड आणि कागदपत्रेसुद्धा आहेत. या दोन्हींची एकाच मापाने तुलना केली तर घरच्यांवर अन्याय होईल. एक करून पाहा. भाऊ येण्याआधीचा तो अर्धा तास त्याला माहीतच नाही. त्या फॉर्मवरचे अक्षर कोणाचे होते आणि ‘मुलगी’ हा शब्द कोणी लिहिला, हे त्याला सांगा. कदाचित तुम्हाला रडू येईल, कदाचित त्याला येईल, आणि दोघांनाही आले नाही तरी काही बिघडणार नाही. किती रडलो यावर प्रेम मोजता येत नाही.

त्या बाईंना शोधण्याचा मात्र आग्रह धरू नये असे माझे मत आहे. त्या तिथे कोणासाठी तरी बसल्या होत्या, आणि ती रात्र त्यांच्यासाठी कशी संपली हे आपल्याला माहीत नाही. रुग्णालयाने दुसऱ्या कुटुंबाची माहिती देऊ नये हेच योग्य आहे, आणि तुमचा शोध त्यांना नको असलेल्या रात्रीकडे परत नेणारा ठरू शकतो. कृतज्ञता पोहोचवावी असे तीव्रतेने वाटत असेल, तर चार ओळींचे पत्र लिहून त्या विभागात ठेवून या आणि ‘कोणाला त्या बाई आठवत असतील तर त्यांना द्यावे’ एवढेच सांगा. नाव-पत्ता विचारू नका. असे पत्र लिहिताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये आभाराच्या पत्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना अशी पत्रे मिळतात त्यांना लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा अधिक आनंद होतो, आणि लिहिणाऱ्याला वाटते तितके अवघडलेपण त्यांना येत नाही, असे त्यात दिसून आले. तेव्हा शब्द सापडत नाहीत म्हणून पत्र अडवून ठेवू नका. ते पोहोचेलच असे नाही, हे मात्र मनाशी धरूनच लिहा.

प्रश्न : रात्रीच्या लांबच्या प्रवासात माझ्या शेजारच्या आसनावर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. फोनवर त्यांना काहीतरी कळले आणि त्यानंतर पहाटेपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून, आवाज न करता रडत होते. विचारले तर भोचकपणा होईल आणि न विचारले तर निर्दयपणा, या पेचात मी डोळे मिटून झोपेचे सोंग घेतले. त्याला वर्ष होऊन गेले, तरी ते सोंग मला टोचते. अशा वेळी अनोळखी माणसाने नेमके काय करावे?

उत्तर : स्वतःला इतकी शिक्षा देऊ नका. ते गृहस्थ आवाज न करता आणि तोंड फिरवून रडत होते, म्हणजे त्यांना थोडा आडोसा हवा असण्याचीही शक्यता होती, आणि तुमच्या मिटलेल्या डोळ्यांनी तो दिलाही असेल. पण पुन्हा अशी वेळ आली तर काय करता येईल हा तुमचा प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याआधी मी माझा एक अनुभव सांगते.

माझे वडील गेले त्या दिवशी मी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले आणि नुसती उभी राहिले. आत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी ‘कितवा मजला?’ असे विचारले, आणि मला मजला सांगता येईना. दहा वर्षे ज्या घरी जाणे-येणे होते, त्याचा मजला डोक्यातून पुसला गेला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, पण काय झाले असे विचारले नाही. त्यांनी पहिल्या मजल्याचे बटण दाबले. दार उघडले, त्यांनी ते अंगठ्याने धरून ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या मजल्यावर समोरच्या दाराशी ठेवलेली एक ओळखीची कुंडी दिसली आणि मी बाहेर पडले. ते स्वतः कुठे निघाले होते हे मला आजही माहीत नाही. त्यांचा चेहरा आता आठवत नाही, पण बटणावर दाबून धरलेला तो अंगठा अगदी स्पष्ट आठवतो.

हे सांगण्याचे कारण असे की, आपण अशा वेळी योग्य शब्द शोधत बसतो आणि शब्द सापडत नाहीत म्हणून काहीच करत नाही. त्या गृहस्थांनी मला सांत्वनाचा एकही शब्द ऐकवला नव्हता. कुमार आणि एप्ली यांनीच २०२२ मध्ये दयाळूपणाच्या साध्या कृतींवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात शिकागोतील बर्फावर स्केटिंग करण्याच्या मैदानावर आलेल्या लोकांनी स्वतःला मिळालेला गरम पेयाचा पेला अनोळखी माणसाला द्यायचा होता. आपल्या छोट्या कृतीने समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज देणाऱ्यांनी सातत्याने कमी केला होता. देणाऱ्याचे लक्ष आपण काय दिले आणि ते किती क्षुल्लक होते याकडे असते. घेणाऱ्याला त्यामागची आपुलकी जाणवते. ती माणसे शोकात नव्हती हे खरे, तरी आपण स्वतःला का अडवतो हे या प्रयोगांतून नीट कळते.

शेजारी कोणी रडत असेल तर आधी शरीराला लागणाऱ्या गोष्टींचा विचार करावा. पाण्याची बाटली पुढे करावी, कापडी किंवा कागदी रुमाल द्यावा, त्यांचे उतरण्याचे ठिकाण कोणते ते विचारून ‘मी जागा आहे, आल्यावर सांगतो’ असे म्हणावे. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण अशा मनःस्थितीत थांबा चुकण्याची भीती खरीच असते आणि ती उचलली की माणसाला निदान रडता तरी येते. बोलायचेच झाले तर ‘मी इथेच आहे’ एवढे पुरते. उत्तर आले नाही किंवा हाताने नको म्हटले, तर ते मनाला लावून न घेता तसेच शेजारी बसून राहावे. खांद्यावर हात ठेवावासा वाटला तरी विचारल्याशिवाय ठेवू नये. अनोळखी स्पर्शाचा कोणाला आधार वाटतो, तर कोणाला धसका बसतो.

भोचकपणाची भीती तुम्ही बोलून दाखवली आहे, त्यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. मी विचारणार असलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या कामाचे आहे? ‘कसे झाले’, ‘वय काय होते’, ‘आधी काही आजार होता का’ या प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याची उत्सुकता भागवतात. ‘कोणाला फोन लावून देऊ का’ या प्रश्नाचे उत्तर रडणाऱ्याच्या उपयोगाचे असते. त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली तर ऐकावे, मध्येच स्वतःच्या घरातले उदाहरण सांगू नये, आणि ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ हे वाक्य तर कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नये. गेलेल्या माणसाविषयी बोलताना कोणाचेही बरे झालेले नसते.

एकच प्रसंग असा आहे जिथे संकोच पूर्णपणे बाजूला ठेवावा. आता जगण्यात अर्थ नाही, मीही संपवतो, असे काही तुमच्या कानावर आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ‘तुम्ही जीव देण्याचा विचार करत आहात का?’ असे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात नव्याने पेरला जात नाही. मग त्यांच्या घरच्या कोणाशी किंवा मदतवाहिनीशी त्यांचे बोलणे करून द्यावे, आणि प्रवासात असाल तर वाहक, चालक किंवा रेल्वेचे कर्मचारी यांनाही सांगावे.

प्रश्न : अकराव्या आठवड्यात माझा गर्भपात झाला. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी ठोके नसल्याचे सांगितले आणि ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. तिथल्या मदतनीस बाईंनी पडदा माझ्या नजरेआड वळवला, माझ्या पोटावरचा चिकट पदार्थ अगदी सावकाश पुसला आणि म्हणाल्या, ‘हवा तेवढा वेळ बसा, मी दार लावून घेते.’ घरी मात्र ‘अजून काय होते, अकराच तर आठवडे’, ‘वय आहे अजून’ असेच सर्वांनी म्हटले. मला त्या बाईच का आठवत राहतात?

उत्तर : कारण तुमचे काहीतरी गेले आहे, हे त्या दिवशी फक्त त्यांनी मान्य केले. ज्या दुःखाला भोवतालचा समाज दुःख म्हणून मोजत नाही, त्याविषयी अमेरिकेतील शोकविषयक अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडणी केली. गर्भपात, पाळलेल्या प्राण्याचा मृत्यू, जाहीर न केलेल्या नात्यातले माणूस जाणे, अशा दुःखांत माणसाला नुकसान सोसावे लागते आणि ते दुःख करण्याचा आपल्याला हक्क आहे का, हा प्रश्नही सोसावा लागतो. त्या बाईंनी दार लावले तेव्हा त्यांनी तो हक्क तुम्हाला दिला. बंद दाराआड शोक करण्यासारखे काही घडले आहे, असेच त्या कृतीचे म्हणणे होते.

घरच्यांचे बोलणे तुम्हाला धीर देण्यासाठीच असेल, पण ते पुढच्या मुलाविषयी आहे आणि तुमचे दुःख या मुलाविषयी आहे. त्यांना ते असेच, याच शब्दांत सांगायला हरकत नाही. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भधारणा अशा संपतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांतील पुष्कळशा गर्भपातांमागे गुणसूत्रांतील दोष असतो. त्यामुळे आपल्याच हातून काही चुकले असे मनात येत असेल, तर त्याविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोला. तुमच्या पतीला त्या बाईंचे वाक्य सांगितले आहे का, हे पत्रात नाही. सांगितले नसेल तर सांगा. त्यांनाही कोणी दार लावून दिलेले नसावे.

प्रश्न : माझा तरुण मुलगा जाऊन चौदा महिने झाले. पत्नीशी मी त्याच्याविषयी एक शब्दही बोलू शकत नाही. मात्र सकाळी फिरायला जातो तिथे बाकावर बसणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांशी मी रोज त्याच्याविषयी बोलतो, कधी रात्री मदतवाहिनीला फोन करून तासभर बोलतो. घरी परतल्यावर आपण पत्नीची फसवणूक करत आहोत असे वाटते. हे थांबवावे का?

उत्तर : थांबवू नका. मुलाविषयी बोलायला तुम्हाला जागा सापडली आहे, ती सोडून दिली तर दोन्हीकडे गप्प राहण्याची वेळ येईल.

किसा गोतमीची कथा तुम्हाला माहीत असेल. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते, आणि ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहऱ्या आणायला बुद्ध तिला सांगतात. ही कथा बहुधा मृत्यू कोणालाच चुकलेला नाही हे सांगण्यासाठी सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना दरवेळी त्या दारांमागची माणसे दिसतात. दारात मेलेले मूल घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी बाईला त्यांनी हाकलून दिले नाही. आमच्याकडे अमुक गेले, असे प्रत्येकाने तिला सांगितले. हे एका ठिकाणी बसून ऐकलेल्या उपदेशातून तिला कळले नसते. आणि मग ती परतते आणि मुलाला निरोप देते. अनोळखी दारे तिला तिच्या स्वतःच्या कामापर्यंत घेऊन येतात.

तुमच्या बाकावरचे गृहस्थ आणि मदतवाहिनीवरचा आवाज ही तशीच दारे आहेत. लंडनमधील धर्मोपदेशक चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये जीव देण्याच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, तेव्हा समुपदेशन ते स्वतः करणार होते आणि स्वयंसेवक फक्त येणाऱ्यांची बसण्याची व्यवस्था पाहणार होते. प्रत्यक्षात असे दिसले की स्वयंसेवकांजवळ मन मोकळे झाल्यावर पुष्कळांना आत जाण्याची गरजच उरत नसे, आणि थोड्याच महिन्यांत ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे आले. तिथे बसलेल्या त्या साध्या माणसांनी फक्त ऐकले होते.

पत्नीशी बोलता येत नाही हे मात्र तसेच सोडू नये. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले एक निरीक्षण इथे उपयोगी पडेल : शोक करणारा माणूस काही वेळ गेलेल्या माणसाकडे वळतो आणि काही वेळ उरलेल्या आयुष्याच्या व्यवहाराकडे, आणि हे येणे-जाणे चालू असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. घरातल्या दोघांचे हे येणे-जाणे एका वेळी घडेलच असे नाही. तुम्ही गप्प असता तेव्हा कदाचित त्यांना बोलायचे असते, आणि तुम्हाला बोलायचे असते तेव्हा त्या कशीबशी दिवसाची कामे उरकत असतात. त्यांनाही त्यांचा एखादा बाक असेल, तुम्हाला माहीत नसलेला.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. चौदा महिन्यांनंतरही मुलाची आठवण येणे यात काहीच गैर नाही, ती आयुष्यभर येईल. पण जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग तीच तीव्र ओढ, झोप आणि काम यांची घडी मोडलेली, जगण्यातले चित्त उडालेले, असे होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रौढांसाठी ती बारा महिने धरली आहे. त्यावर उपचार आहेत, आणि उपचार घेतल्याने मुलगा विस्मरणात जात नाही.

तोपर्यंत एक करून पाहा. उद्या सकाळी बाकावर त्या गृहस्थांना मुलाविषयी जे सांगाल, त्यातले एकच वाक्य, त्याच्या एखाद्या सवयीचे किंवा बोलण्याच्या लकबीचे, घरी आणा. पत्नीच्या समोर बसून बोलणे जड जात असेल तर दोघे शेजारी बसून, हाताशी एखादे काम असताना बोला. ‘आज एका माणसाला मी त्याच्याविषयी हे सांगितले’ अशी सुरुवात करा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. त्या काहीच बोलल्या नाहीत तर परवा दुसरे वाक्य आणा.